कुरळे केस मऊ कसे राखावेत?

सकाळी शाळेची बस गाठण्याची घाई, हातात बारीक दातांचा कंगवा, समोर डोळ्यांत पाणी आणून बसलेली मुलगी आणि मागे उभी राहून केस विंचरणारी आई. ज्या घरात कुरळे केस आहेत, त्या घराला हे दृश्य नवे नाही. सुके केस वरून खाली ओढत विंचरले जातात, गुंता सुटण्याऐवजी तुटतो आणि दहा मिनिटांनी डोक्याभोवती पिंजलेल्या कापसासारखा पसारा उरतो. मग त्यावर तेल चोपडून घट्ट वेणी घातली जाते. आपले केस वाईट आहेत, ही समजूत त्या मुलीच्या मनात तिथेच रुजते. मोठी होऊन कमावती झाल्यावर तिचा पहिला खर्च बहुधा केस सरळ करून घेण्यावर होतो. गंमत अशी, की जन्मतः सरळ केस लाभलेली तिचीच एखादी मैत्रीण चांगले पैसे मोजून पार्लरमध्ये पर्मिंग करून घेते आणि महिन्याभराने केस राठ झाले म्हणून हळहळते.

दोघींच्या तक्रारीच्या मुळाशी एकच समज आहे. तो म्हणजे कुरळे केस राठच असायचे. वास्तविक कुरळा केस हा बिघडलेला सरळ केस नव्हे. त्याची घडण वेगळी असते आणि म्हणूनच त्याला हाताळण्याची रीतही वेगळी असावी लागते. सरळ केसांसाठी रूढ झालेल्या सवयी कुरळ्या केसांवर लादल्या, की ते राठ होतात. केसातील ओलावा टिकवणे आणि केस ओले असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत त्यांच्या वळणांना धक्का न लावणे, या दोन गोष्टी साधल्या की मऊपणा आपोआप येतो. हे कसे साधावे, त्यामागील शास्त्र काय आणि पर्म केलेल्या केसांना कोणती अधिक काळजी लागते, याची ही माहिती.

केस कुरळे का होतात?

केस सरळ निघणार की कुरळा, हे तो त्वचेच्या बाहेर येण्यापूर्वीच ठरलेले असते. केस ज्या सूक्ष्म नळीतून उगवतो, त्या केशकूपाचा आकार आनुवंशिक असतो. केशकूप सरळ आणि दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर केस सरळ येतो. तो वाकडा असेल तर केसाच्या दोन बाजू सारख्या घडत नाहीत आणि केस वळण घेत बाहेर पडतो. सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल, तर कुरळ्या केसाचा छेद लंबवर्तुळाकार किंवा चपटा दिसतो.

केसाचे सर्वांत बाहेरचे आवरण घराच्या छपरावरील कौलांसारखे असते. एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले आतील गाभ्याचे रक्षण करतात. कौले नीट बसलेली असली की पाणी आत शिरत नाही आणि घरातील गारवाही टिकतो. केसांचेही तसेच आहे. खवले मिटलेले असले की केस गुळगुळीत लागतो, त्यावर प्रकाश पडून तो चमकतो आणि आतील ओलावा आतच राहतो. कुरळ्या केसात प्रत्येक वळणावर ही कौले किंचित उचललेली असतात. तिथून ओलावा उडून जातो, शेजारचा केस तिथेच अडकतो, गुंता होतो आणि केस तुटतोही तिथेच.

दुसरे कारण तेलाचे आहे. डोक्याच्या त्वचेतील ग्रंथी केसांना नैसर्गिक तेल पुरवीत असतात. सरळ केसावरून हे तेल सहज खाली ओघळते. म्हणून सरळ केस दोन दिवसांत तेलकट दिसू लागतात. कुरळ्या केसाच्या नागमोडी वाटेवरून ते टोकापर्यंत पोहोचतच नाही. परिणामी मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडे, अशी विचित्र स्थिती उद्भवते. कुरळ्या केसांची निगा राखण्याचे बहुतेक सारे नियम या दोन कारणांतून निघतात.

सगळेच कुरळे केस सारखे नसतात. ओप्रा विन्फ्रे हिचा केशरचनाकार आंद्रे वॉकर याने १९९० च्या दशकात केसांचे चार प्रकार मांडले. सरळ, लाटांसारखे, कुरळे आणि अगदी दाट कुरळे, अशी ही वर्गवारी आज जगभर वापरली जाते. आपल्याकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचे केस पुष्कळ आढळतात. एकाच डोक्यावर मागे लाटा, तर कानांपाशी घट्ट वेटोळी, असे मिश्रणही सर्रास दिसते. अनेक स्त्रियांना तर आपले केस कुरळे आहेत हेच ठाऊक नसते. सुके विंचरल्याने वळणे विस्कटलेली असतात आणि त्यांना वाटते, आपले केस नुसतेच राठ आहेत. केस धुऊन, न विंचरता, हात न लावता सुकू द्यावेत. ते आपोआप गुंडाळले गेले, तर पुढील माहिती आपल्यासाठीच आहे असे समजावे.

पर्मिंगची कुळकथा

सरळ केस कायमचे कुरळे करण्याचा खटाटोप शंभर वर्षांहून जुना आहे. कार्ल नेस्लर या जर्मन केशरचनाकाराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनमध्ये यंत्राच्या साहाय्याने केस कुरळे करून दाखवले. पितळेची जवळजवळ ९०० ग्रॅम वजनाची डझनभर रुळे केसांत गुंडाळायची, क्षारयुक्त द्रावण लावायचे आणि विजेने ती तापवायची. हा सोहळा सुमारे सहा तास चाले. तापलेली रुळे डोक्याला चिकटू नयेत म्हणून ती वरून साखळ्यांनी टांगलेली असत. नेस्लरने पहिले प्रयोग आपल्या पत्नीवर केले आणि त्यात तिचे केस जळाले, असे सांगितले जाते. पुढे १९२८ मध्ये मार्जोरी जॉयनर या कृष्णवर्णीय अमेरिकन महिलेने एकाच वेळी संपूर्ण डोक्यावर काम करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले. उष्णतेविना, केवळ रसायनाने केस वळवण्याची शीत पद्धत १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आली. आजचे पर्मिंग प्रामुख्याने तिच्यावरच आधारलेले आहे.

ही प्रक्रिया नेमकी काय करते, हे समजून घेतले तर पर्म केलेले केस राठ का होतात तेही उमगते. केस हा केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. केसाचा आकार या बंधांवर टिकून असतो. पर्मिंगच्या पहिल्या टप्प्यात अमोनियम थायोग्लायकोलेटसारखे रसायन काही बंध तोडते. केस रुळाभोवती गुंडाळलेला असल्याने साखळ्या सरकून नवा आकार घेतात. दुसऱ्या टप्प्यात हायड्रोजन पेरॉक्साइड लावून नव्या जागी बंध पुन्हा जोडले जातात आणि वळण पक्के होते.

अडचण अशी, की तुटलेले सर्वच बंध पुन्हा जुळत नाहीत. शिवाय रसायन आत शिरावे म्हणून द्रावण अल्कधर्मी ठेवलेले असते. त्यामुळे केस फुगतो आणि बाहेरची कौले उघडतात. प्रक्रिया संपल्यावर ती पूर्ववत मिटत नाहीत. असा केस पाणी चटकन शोषतो आणि तितक्याच चटकन गमावतो. म्हणजे जन्मतः कुरळ्या केसाच्या साऱ्या व्यथा पर्म केलेल्या केसाच्या वाट्याला येतात आणि त्यात अशक्तपणाची भर पडते. पर्म साधारण तीन ते सहा महिने नीट दिसतो. मात्र केस महिन्याला सुमारे एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो आणि नवा केस सरळच येतो. सरळ आणि कुरळ्या भागांच्या सांध्यावर तुटण्याची शक्यता सर्वाधिक असते.

पावसाळा आणि भुरभुर

गंधकाच्या बंधांखेरीज केसात हायड्रोजनचे असंख्य दुर्बळ बंध असतात. पाणी लागताच ते सुटतात आणि केस सुकताना पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपले की सकाळी लाटा दिसतात आणि केस धुतले की त्या नाहीशा होतात, त्याचे कारण हेच. केस कोणत्या स्थितीत सुकले, यावर त्यांचे त्या दिवसाचे रूप ठरते.

हवेतील बाष्पालाही केस असाच प्रतिसाद देतो. हा प्रतिसाद इतका नेमका असतो, की स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर याने १७८३ मध्ये मानवी केसाचा वापर करून हवेची आर्द्रता मोजण्याचे उपकरण जगापुढे मांडले. अगदी कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत आणल्यास केसाची लांबी सुमारे दोन ते अडीच टक्क्यांनी वाढते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. कोरडा, तहानलेला केस त्या हवेतील बाष्प ओढून घेतो, फुगतो आणि शेजारच्या केसांच्या वळणातून बाहेर पडतो. भुरभुरणारे केस म्हणतात ते हेच. केसाला आधीच पुरेसा ओलावा मिळालेला असेल आणि त्यावर एक पातळ आवरण असेल, तर हवेतून पाणी ओढण्याचा हा वेग मंदावतो.

म्हणूनच एकच उत्पादन सर्व ऋतूंत आणि सर्व गावांत सारखे काम करीत नाही. ग्लिसरीन, मध, कोरफड हे घटक पाणी धरून ठेवतात. बेताच्या हवेत ते केस मऊ ठेवतात. मात्र भर पावसाळ्यात मुंबईत ग्लिसरीनचे प्रमाण जास्त असलेले क्रीम लावल्यास केस अधिकच फुगू शकतात. नागपूरच्या उन्हाळ्यातील कोरड्या झळांत त्याच क्रीमने केस कोरडे पडल्याचा अनुभव येऊ शकतो. दमट दिवसांत जेलसारखे आवरण देणारे आणि कोरड्या दिवसांत स्निग्ध क्रीम, असा बदल करणे श्रेयस्कर.

धुणे कमी, पण नीट

कुरळे केस रोज शाम्पूने धुऊ नयेत. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. अर्थात घाम फार येत असेल, रोज लोकलचा प्रवास किंवा व्यायाम घडत असेल, तर मधल्या दिवशी नुसत्या पाण्याने केस धुऊन टोकांना कंडिशनर लावता येईल. कोंड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र धुण्याचे दिवस कमी करू नयेत.

शाम्पू हा डोक्याच्या त्वचेसाठी असतो, केसांच्या टोकांसाठी नव्हे. तो तळहातावर पाण्यात पातळ करून घ्यावा, बोटांच्या पेरांनी मुळांशी चोळावा आणि वाहणाऱ्या फेसाने लांबी धुतली जाऊ द्यावी. केस डोक्यावर गोळा करून कपड्यांसारखे चोळणे ही गुंत्याची सुरुवात होय. बाटलीवरील घटकांची यादी वाचण्याची सवय लावून घ्यावी. सोडियम लॉरिल सल्फेट हे जोरकस स्वच्छताकारक केसातील उरलेसुरले तेलही धुऊन नेते. कोकामिडोप्रोपिल बीटेनसारखे घटक मुख्य असलेला शाम्पू त्यामानाने सौम्य असतो. अंगाच्या साबणाने केस धुणे टाळावे. साबण अल्कधर्मी असल्याने कौले उघडतात.

शिकेकाई सौम्य आहे यात शंका नाही. मात्र तिची कोरडी पूड कुरळ्या केसांच्या वळणांत अडकते, ती काढताना केस घासले जातात आणि तुटतात. त्यामुळे शिकेकाई रात्रभर भिजवून, उकळून, पातळ फडक्यातून दोनदा गाळलेले पाणीच वापरावे. रिठ्याचे प्रमाण अगदी थोडे ठेवावे, कारण तो केस कोरडे करतो.

यानंतर कंडिशनर अनिवार्य आहे. झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधील मुख्य घटकांवर धन भार. त्यामुळे जिथे केस अधिक खराब, तिथे कंडिशनर अधिक चिकटतो आणि उचललेली कौले खाली बसवतो. तो मुळांना न लावता कानांच्या पातळीपासून टोकांपर्यंत सढळ हाताने लावावा आणि तीन ते पाच मिनिटे ठेवावा. केस विंचरण्याची योग्य वेळ हीच. रुंद दातांचा कंगवा किंवा नुसती बोटे घेऊन आधी टोकांचा गुंता सोडवावा, मग हळूहळू वर सरकावे. ओला केस अधिक ताणला जातो आणि लवकर तुटतो, हे खरे. पण कंडिशनरच्या निसरडेपणात घर्षण कमी होते, म्हणून इथे विंचरणे सुरक्षित ठरते. त्यानंतर सुके केस विंचरायचे नाहीत, हा नियम कटाक्षाने पाळावा.

या दिवशी कंगव्यात केसांचा मोठा पुंजका आलेला पाहून घाबरून जाऊ नये. दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते. आठवड्यातून दोनदाच विंचरले, तर मधल्या दिवसांत वळणांत अडकून राहिलेले केस एकदम हाती येतात.

सिलिकोनबाबत टोकाची मते ऐकू येतात. लोरेन मॅसी हिचे ‘कर्ली गर्ल’ हे पुस्तक २००१ मध्ये आल्यापासून सल्फेट आणि सिलिकोन दोन्ही वर्ज्य मानणारी पद्धत लोकप्रिय झाली. सिलिकोन विषारी नाही. डायमेथिकोनसारखा घटक केसावर गुळगुळीत थर देतो, मात्र तो पाण्यात विरघळत नाही. सौम्य शाम्पूने तो पुरता निघत नाही, थरावर थर साचतात आणि केस जड, निस्तेज होतात. म्हणून सिलिकोनयुक्त उत्पादने वापरणाऱ्यांनी महिन्यातून एक-दोनदा जोरकस शाम्पू वापरावा किंवा सिलिकोनच टाळावे. यांपैकी एक मार्ग धरला म्हणजे झाले.

पाण्याकडेही लक्ष हवे. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी जड असल्यास त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात आणि कितीही महाग क्रीम लावले तरी केस खरबरीत लागतात. शेवटचा तांब्याभर पाण्याचा हबका पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचा द्यावा. त्यात चमचाभर व्हिनेगर मिसळले तरी चालते. डोक्यावर जखम किंवा खाज असल्यास मात्र व्हिनेगर टाळावे.

खोबरेल तेल : आधी की नंतर?

आजीच्या हातचे खोबरेल तेल कुरळ्या केसांना चांगले की वाईट, हा वादाचा विषय आहे. याचे उत्तर मुंबईतच शोधले गेले. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मॅरिको कंपनीतील संशोधकांचा अभ्यास २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज अशा तीन तेलांची त्यात तुलना होती. केसांतील प्रथिनांची झीज कमी करण्यात केवळ खोबरेल तेल यशस्वी ठरले. संशोधक खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीतील होते, हे ध्यानात ठेवले तरी त्यामागील कारणमीमांसा पटण्याजोगी आहे. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या गाभ्यात शिरतो. त्यामुळे धुताना केस अतिरिक्त पाणी शोषून फुगत नाही.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की तेल धुण्याच्या आधी लावावे. आदल्या रात्री किंवा निदान तासभर आधी, कोमट करून, टोकांना अधिक आणि मुळांना कमी. धुतलेल्या केसांवर तेल थापून वेणी घालण्याने केस मऊ होत नाहीत. ते चिकट होतात, धूळ धरतात आणि पुन्हा जोरकस शाम्पूची गरज निर्माण होते. सुकलेल्या केसांना शेवटी तळहातावर चोळलेले दोन-तीन थेंब तेवढे पुरेत.

ओल्यापासून सुकेपर्यंत

केशरचनेचा खरा खेळ न्हाणीघरातून बाहेर पडण्यापूर्वीच सुरू होतो. केसांतून पाणी ठिबकत असतानाच क्रीम किंवा न धुण्याचे कंडिशनर लावावे. मध्यम लांबीच्या केसांना एक रुपयाच्या नाण्याएवढे क्रीम पुरते. केसांचे चार भाग करून ते दोन्ही तळहातांच्या मध्ये वरून खाली सरकवत लावावे. त्यावर जेलचा थर द्यावा. क्रीम ओलावा आणि मऊपणा देते, जेल वळण धरून ठेवते. यानंतर मान एका बाजूला झुकवून टोकांकडून मुळांकडे केस मुठीत हलकेच दाबावेत. मुठीतून पाणी पिळवटल्याचा आवाज आला, तर केस पुरेसे ओले आहेत असे समजावे. आवाज नसेल तर थोडे पाणी शिंपडावे.

टॉवेलने खसाखसा पुसण्याची सवय सोडावी. टॉवेलचे उभे धागे कौलांना अडकतात. परदेशी मासिके यासाठी जुना सुती टी-शर्ट सुचवतात. आपल्या घरात त्याहून सरस वस्तू आहे, ती म्हणजे पंचा. धुऊन मऊ पडलेला सुती पंचा केसांखाली धरून पाणी टिपून घ्यावे, घासू नये. पाच-दहा मिनिटे पंचा गुंडाळून ठेवला तरी चालतो.

आता सर्वांत अवघड काम : केसांना हात न लावणे. हायड्रोजनचे बंध जुळत असताना प्रत्येक स्पर्श वळण विस्कटतो. जेल सुकल्यावर केस कडक, खळ दिलेल्या कापडासारखे लागतात. पुष्कळ जणी इथेच निराश होऊन केस धुऊन टाकतात. वास्तविक हे कडक आवरण म्हणजे साचा होय. केस शंभर टक्के सुकल्यावर तळहाताला तेलाचे दोन थेंब चोळून केस मुठीत हलके चुरावेत. कडकपणा मोडतो, आत मऊ आणि नेमकी वळणे उरतात. केस किंचितही ओले असताना हे केल्यास सारी मेहनत वाया जाते.

महाग जेलऐवजी जवसाचे जेल घरी करता येते. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळावेत. पाणी अंड्याच्या पांढऱ्या भागासारखे तारदार झाले, की लगेच गरम असतानाच गाळावे. थंड झाल्यावर ते गाळणीतून उतरत नाही. हे जेल फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावे. वास बदलला तर फेकून द्यावे.

घाई असल्यास ड्रायर वापरता येतो, पण त्याला डिफ्यूझर नावाचे पसरट, छिद्रांचे तोंड लावावे. त्यामुळे वाऱ्याचा झोत विखुरतो. तापमान कमी ठेवावे, केस त्या वाटीत अलगद बसवावेत आणि ड्रायर हलवत राहू नये. ओल्या केसांवर तापलेली इस्त्री किंवा चिमटा कधीही लावू नये. केसातील पाण्याची आतल्या आत वाफ होऊन गाभ्यात बुडबुडे तयार होतात आणि केस तिथून तुटतो. ही इजा कोणत्याही क्रीमने भरून निघत नाही.

रात्री सुती उशीवर कूस बदलताना केस घासले जातात. साटीनचा अभ्रा वापरावा किंवा केस डोक्याच्या माथ्यावर सैल गोळा करून मऊ कापडी बंधनाने बांधावेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुण्याची गरज नसते. पाण्यात थोडे कंडिशनर मिसळून फवारावे आणि विस्कटलेल्या बटा बोटाभोवती गुंडाळून सोडाव्यात.

पर्म केलेल्यांसाठी विशेष

पर्मिंगचा निर्णय घेण्यापूर्वी केसांचा पूर्वेतिहास पार्लरमध्ये न लपवता सांगावा. ब्लीच केलेले केस पर्मिंगचा मारा सोसू शकत नाहीत. सोडियम हायड्रॉक्साइडच्या रसायनाने सरळ केलेल्या केसांवर थायोग्लायकोलेटचे पर्मिंग केल्यास केस अक्षरशः तुटून हातात येतात. धातूंचे क्षार असलेल्या कलपाशीही या रसायनांची अनिष्ट प्रक्रिया होते. आधी मागच्या बाजूच्या एका बटेवर चाचणी करून घेण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा. डोक्यावर जखम, पुरळ किंवा आग होत असल्यास पर्मिंग पुढे ढकलावे.

पर्मनंतर पहिले दोन दिवस केस धुऊ नयेत आणि घट्ट बांधू नयेत, असा परिपाठ आहे. रंग किंवा ब्लीच निदान काही आठवडे दूर ठेवावे. दर आठवड्याला एकदा अर्धा तास घट्ट कंडिशनरचा लेप द्यावा. महिन्यातून एक-दोनदा प्रथिनयुक्त लेप दिल्यास अशक्त केसाला आधार मिळतो, मात्र अतिरेक केल्यास केस ताठर होतात. टोके दर दोन महिन्यांनी कापून घ्यावीत. फाटे फुटलेला केस पुन्हा सांधता येत नाही. वळणे सैल पडली म्हणून त्याच केसांवर लगोलग दुसरे पर्मिंग करण्याचा मोह टाळणे, ही सर्वांत मोठी काळजी.

केस मुठीने गळू लागले, डोक्यावर चट्टे पडले, किंवा सतत घट्ट वेण्या घालून कपाळाकडील केस विरळ झाले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ताणामुळे जाणारे केस वेळीच सैल सोडले तर परत येतात. वर्षानुवर्षे ताण राहिल्यास केशकूप कायमचे मिटतात.

केसांच्या वळणाचा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये ‘क्राउन’ नावाचा कायदा करून केसांच्या पोतावरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. तेथील कृष्णवर्णीय समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या अवहेलनेची ती दखल होती. आपल्याकडे असा कायदा करण्याची वेळ आलेली नाही. परंतु ‘केस जरा नीट विंचरून ये’ हे वाक्य न ऐकता मोठी झालेली कुरळ्या केसांची मुलगी सापडणेही कठीण. त्या मुलीच्या हातातील बारीक कंगवा काढून घेऊन रुंद दातांचा कंगवा आणि एक जुना पंचा देणे, इतके तर प्रत्येक घराला शक्य आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- सुके केस विंचरू नयेत. कंडिशनर लावलेले असतानाच टोकांकडून गुंता सोडवावा.
- शाम्पू मुळांना, कंडिशनर टोकांना.
- खोबरेल तेल धुण्याआधी. धुतल्यावर फक्त दोन-तीन थेंब.
- केस ठिबकत असतानाच आधी क्रीम, मग जेल लावावे.
- टॉवेलने घासू नये, पंचाने टिपावे.
- पूर्ण सुकेपर्यंत हात लावू नये; सुकल्यावर कडकपणा मोडावा.
- पावसाळ्यात ग्लिसरीन कमी, जेल अधिक.
- नवी पद्धत सुरू केल्यावर निदान महिनाभर थांबून मगच तिची पारख करावी.